वहिनी, चोवीस की तीस?

वहिनी, तुमच्या तेरवीला आलेल्या माणसांनी तुम्हाला फारच शांत आणि सोशीक करून टाकलं. पंगतीतून उठताना जो तो हेच म्हणत होता, की घरात बाई होती पण कधी तिचा आवाज ऐकू आला नाही. मी पाणी वाढत होतो. हातातला तांब्या हिंदकळेल इतकं हसू आलं, तेव्हा तो तसाच ठेवून मागच्या अंगणात निघून गेलो. तुमचा आवाज ऐकू आला नाही! मशीनच्या घरघरीवरून तुम्ही मला मारलेल्या हाका गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत ऐकू जायच्या. गेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलं बोलतात. खरं बोलायचं काम घरच्यांवर पडतं. दादा अजून बोलत नाही, आईला लिहिता येत नाही, तेव्हा राहिलो मी.

तर खरं हे, की तुम्ही भांडखोर होता. आणि तुमचं-माझं सगळ्यात लांबलेलं भांडण, जे तुम्ही अर्धवट टाकून गेलात, ते लाकूड चिरायच्या मशीनवरचं होतं.

तुम्ही या घरात आलात तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि लोणारात विजेचे खांब रोवले जात होते. दादा पोस्टात होता, मी शाळेत गणित शिकवायला लागलो होतो. तुमचं माहेर खामगावचं. वडिलांची लाकडाची वखार. भाऊ मोप, त्यामुळे कॅरम खेळण्यात तुमचा हात बसलेला. लग्नाला महिनाही झाला नसेल, तुम्ही मला विचारलंत, "भाऊजी, या गावात कॅरम कुठी खेळतात?"

"व्यायामशाळेत. पण तिथं माणसं असतात."

"मंग बाया काय करतात?"

याचं उत्तर तुम्हीच दिलंत. माहेराहून येताना प्लायवूडचा एक ताव एसटीच्या टपावर टाकून आणलात आणि दादाच्या मागे लागून हातकरवत मिळवली. आठवडाभर ओसरीवर खरखर चालली होती. बोर्ड तयार झाला, पण त्याचे कोपरे एकमेकांना ओळखत नव्हते. स्ट्रायकर कडेला लागला की भलत्याच दिशेनं परतायचा. शेजारच्या पोरींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना बसायला ओसरी मिळाली, खेळायला सोंगट्या मिळाल्या, आणि त्यांच्याहून मोठ्यानं ओरडणारी एक नवी नवरी मिळाली. दिवाळीपर्यंत आमच्या दारात चपलांची रांग लागायला लागली.

एक दिवस मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई बघायला आल्या. बघता बघता खेळायला बसल्या, हरल्या, आणि जाताना म्हणाल्या, "शाळेला असे चार करून द्याल?"

तुम्ही हो म्हणालात आणि त्या रात्री जेवला नाहीत. मला वाटलं घाबरलात. तसं नव्हतं. "चार केले तर चारही सारखे पाह्यजे," तुम्ही म्हणालात. "एका बोर्डावर शिकलेली पोरगी दुसऱ्या बोर्डावर त्या कोपऱ्यामुळं हरली, तर तो माह्या हाताचा दोष. हातानं चार सारखे होत नाही. मशीन पाह्यजे."

वखारीतल्या ओंडके चिरणाऱ्या मोठ्या आऱ्याची धाकटी बहीण म्हणावी अशी ती मशीन असते, हे तुम्हीच मला समजावलं होतं. लोखंडी टेबल, मध्ये फट, फटीतून वर आलेलं गोल पातं. टेबलावर एक आडपट्टी असते, ती पात्याजवळ किंवा पात्यापासून लांब सरकवून घट्ट करायची. फळीची कड आडपट्टीला लावून पुढं लोटली, की पातं आणि पट्टी यांच्यात जेवढं अंतर तेवढ्या रुंदीचा तुकडा सरळ चिरून निघतो. आडपट्टी जितकी लांब सरकेल, तितकी त्या मशीनची ऐपत.

आईनं ऐकलं आणि सुपातले गहू तसेच ठेवले. "सुनेनं मशीनवर करवत चालवायची? मले गावात तोंड दाखवाचं हाय."

दादानं पोस्टाच्या टोपीखालून एवढंच म्हटलं, "बोटं सांभाळ म्हणजे झालं." वहिनी, त्या माणसानं तुमच्यावर आयुष्यभर जे प्रेम केलं, ते सगळं त्या वाक्यात होतं असं मला आता वाटतं. तेव्हा मला तो नुसता घाबरट वाटला होता.

दादाला रजा नव्हती, म्हणून जालन्याला तुमच्याबरोबर मी आलो. तिथल्या एका कारखान्यात अशा मशीन बनवत, हे तुमच्या वडिलांनी कळवलं होतं. कारखान्याकडे दोन प्रकार होते. एकीची आडपट्टी चोवीस इंचांपर्यंत जायची, दुसरीची तीस. मी गणिताचा मास्तर. एसटी सुटायच्या आत मी निकाल लावून टाकला होता.

"चोवीस पुरे," मी म्हणालो. "ताव चार फूट रुंद, म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. त्याचा मध्य चोवीस. आपल्याला बोर्डासाठी तीस इंची तुकडा पाहिजे, तर उरणारे अठरा आडपट्टीकडे घ्यायचे. पलीकडे आपोआप तीस निघतात. अर्ध्यापेक्षा जास्त लागतंच कशाला?"

तुम्ही खिडकीतून बाहेर बघत होता. मान न वळवता म्हणालात, "म्हंजे तुमी उरलेलं मोजणार, अन् पाह्यजे ते उरू देणार."

"एकच झालं ना."

"एक कसं होईन? ताव कधी एक सूत जास्त येते, कधी एक सूत कमी. उरलेले अठरा नेमके निघतीन, अन् सारं कमी-जास्त आपल्या बोर्डात शिरन. जे पाह्यजे ते मोजाव, भाऊजी. उरलं ते उरलं."

"आणि एवढी मोठी मशीन ठेवायची कुठं?"

"ते तुमी नका सांगू. अठ्ठेचाळीसचं अर्ध सांगतलं, तेवढं बस झालं."

सुलतानपूरला चढलेल्या एका फेटेवाल्यानं तिकिटाआधी विचारलं, "काऊन भांडून राह्यले बाप्पा?" मी त्याला सांगितलं. तो चोवीसच्या बाजूनं झाला, कारण त्याच्या मते बायकोच्या म्हणण्याप्रमाणे वस्तू आणली की घरात हलायला जागा उरत नाही. तुम्ही त्याला, मी बायको नसून भावजय आहे, हे ठणकावून सांगितलंत, तर तो म्हणाला, "मंग तं ऐकाच लागते." आणि फिरून तीसच्या बाजूला गेला. कंडक्टरही तीसचा. त्याचं म्हणणं, मोठी वस्तू लहान कामाला चालते, लहान वस्तू मोठ्या कामाला चालत नाही. सिंदखेडराजा येईपर्यंत अर्धी गाडी चोवीस आणि अर्धी गाडी तीस झाली होती. त्यातल्या कुणालाही कॅरमचा बोर्ड बनवायचा नव्हता. इतक्या आनंदात मी पुन्हा कधी जालन्याला गेलो नाही.

आणि तिथं पोचल्यावर तुम्ही चोवीसची घेतलीत!

मी बघतच राहिलो. तुम्ही पदर खोचून दोन्ही मशीनसमोर उभ्या राहिलात, हातात फळी आहे असं समजून लोटून पाहिलंत, मग कमरेची सुतळी काढलीत. आमच्या रिकाम्या गोठ्याची लांबी-रुंदी गाठी मारून तुम्ही तिच्यावर घेऊन आला होतात. सुतळी लावलीत, गाठी मोजल्यात, आणि सुस्कारा टाकलात. तीसचं टेबल ठेवलं तर माणसाला उभं राहायला जागा उरत नव्हती.

"तुमचं गणित नाही जितलं," मला म्हणालात. "गोठा लहान हाय म्हणून."

मशीन आली ट्रकवर, सरकीच्या पोत्यांच्या मधोमध. दिवस मावळायला आला होता. सगळी गल्ली जमली. टेबल उतरवलं, गोठ्याच्या दारापाशी नेलं, आणि ते दारातून आत जाईना. आडवं केलं, तिरपं केलं, उभं केलं. आत मावते की नाही हे तुम्ही मोजलं होतं. आत जाते की नाही हे आपण दोघांनीही मोजलं नव्हतं. ट्रकवाला घाई करायला लागला. कुणी म्हणालं परत पाठवा, कुणी म्हणालं अंगणातच ताडपत्री टाका. दादा डोक्याला हात लावून बसला. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुमच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात आई लोखंडी सब्बल घेऊन आली. महिनाभर जिनं त्या मशीनचं नाव काढू दिलं नव्हतं, तीच आई. "घरी आलेली वस्तू उंबऱ्याबाहेर रात्र काढत नसते," ती म्हणाली. "सरका." आणि पहिला घाव तिनंच चौकटीच्या बगलेत घातला. मग ट्रकवाल्यानंही बाह्या सारल्या. चौकट निघाली, थोडी भिंत निघाली, मशीन आत गेली. आईनं हातपाय धुऊन तिला हळदकुंकू लावलं आणि तुमच्याकडे न बघता म्हणाली, "पदर नीट खोचून घेत जाय. फिरती वस्तू हाय."

मशीन पहिल्यांदा सुरू केली तेव्हा गल्लीतले दिवे मिणमिणले. पोरींनी कानांत बोटं घातली. लोटायच्या तुम्ही, पलीकडून तुकडा धरायचा मी, हे त्याच दिवशी ठरलं आणि कायमचं तसंच राहिलं. उरलेले अठरा आडपट्टीकडे घेतले, पात्याची जाडी धरली, आणि पलीकडे तीस इंच रुंद, आठ फूट लांब पट्टा बिनबोभाट निघाला. मी छाती काढून उभा राहिलो. "अर्ध्यापेक्षा जास्त लागतंच कशाला?" असं पुन्हा एकदा म्हणालोसुद्धा.

"हाव," तुम्ही म्हणालात. "आता हा पट्टा आडवा कापा. चौरस करा."

पट्टा आठ फूट, म्हणजे शहाण्णव इंच. त्यातले तीस आडपट्टीकडे घ्यावे, तर पट्टी चोवीसवर अडते. उरलेले घ्यावे, तर ते सहासष्ट! मी पट्टा धरून उभा. माझ्या गणिताला तावाची रुंदी आठवली होती, लांबी आठवलीच नव्हती. तुम्ही मशीन बंद केलीत आणि हसायला लागलात. हसता हसता भुशात बसलात. आई काय झालं म्हणून धावत आली. तुम्ही तिला कसंबसं समजावलंत, तर तीही हसायला लागली. "मास्तर," तुम्ही मला विचारलंत, "दुसरी बाजू कुठी गेली?"

पुढं कित्येक वर्षं मी शाळेतून घरी आलो की तुम्ही हेच विचारत होता. पाहुण्यांसमोरही. माझं लग्न झालं, तेव्हा माझ्या बायकोला तुम्ही सगळ्यात आधी सांगितलेली गोष्ट ही.

पण खरं बोलायचं ठरवलंय, तर पुढचंही बोलतो, कारण ते तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत. तुम्ही गव्हाण फोडून जागा केलीत. टेबलाच्या उजव्या अंगाला सागाच्या फळ्यांचा जोड दिलात, आडपट्टी सरकायचे गज लांब करून घेतलेत, आणि हौसेला मोल नाही म्हणून ती थेट छत्तीसपर्यंत नेलीत. आता तीसवर लावली आणि पहिला बोर्ड कापला. आपण कर्णाला सुतळी लावली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांना लावली. सुतळी उरली, म्हणजे चौकोन तिरका झाला होता.

"सुतळी ताणली गेली असन," तुम्ही म्हणालात.

पुन्हा लावली. पुन्हा उरली. आडपट्टी लांब गेली होती, पण ती घट्ट व्हायची फक्त पुढच्या टोकाला. मागचं टोक लोटताना हळूच सरकत होतं. मी तुमच्यासमोर नुसता उभा राहून छताकडे बघत शीळ घालायला लागलो. तुम्ही भुसा मूठभर उचलून माझ्या अंगावर फेकलात. दुसऱ्या दिवशी मागच्या टोकाला शिकंजा लावून आवळलंत, नवीन तुकडा कापलात, सुतळी लावलीत. दोन्ही कर्ण सारखे! तुम्ही इतक्या मोठ्यानं ओरडलात की दादा पोस्टातून निघून आला. त्याला वाटलं बोट गेलं.

शाळेचे चारही बोर्ड एकमेकांवर ठेवले तेव्हा एकच वाटले. पोरींनी स्नेहसंमेलनात भर मांडवात सामने लावले. व्यायामशाळेतली माणसं मागे उभी राहून बघत होती. माझ्या मनातली तुमची खरी तसबीर तीच आहे: बाजूला उभ्या, केसांत भुसा, आणि स्वतः खेळत असल्यासारख्या बोटं उडवताय.

मग मागण्या यायला लागल्या. सुलतानपूरहून, मेहकरहून. एका वर्षी आपल्याच ओसरीवर शिकलेल्या मुलीनं लग्नात भांड्यांऐवजी बोर्ड मागितला. तो गोधडीत गुंडाळून वऱ्हाडाच्या गाडीच्या टपावर सोनाळ्यापर्यंत गेला. तिनं तिकडून निरोप धाडला, की सासूबाईंना पन्नास पैशांएवढा स्ट्रायकर आवडत नाही, मोठा पाठवा. तुम्ही तो निरोप वाचून आईकडे बघितलंत, आणि आई म्हणाली, "सासूचंही ऐकत जाव कधीमधी."

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. माझ्या वर्गात मुली यायला लागल्या तेव्हा मी ओळखायचो, कोणती आपल्या ओसरीवरची आहे ते. फळ्यावर कोन काढला की बाकीच्या वह्यांत तोंड खुपसायच्या. आपल्या पोरी फळ्याकडे असं बघायच्या, जणू त्या कोनातून सोंगटी कशी घालायची ते ठरवतायत. गणिताला न घाबरणारा वर्ग मला तुम्ही तयार करून दिलात, वहिनी. हे तोंडावर सांगायला हवं होतं. पण दीर-भावजयीत आभार मानायची रीत नाही, चिडवायची आहे. आणि तुमच्यासमोर गंभीर व्हायला गेलो की तुम्ही 'दुसरी बाजू' काढायचा.

चोवीस-तीसचं भांडण मात्र मिटलं नाही. मी म्हणायचो, ताव आधीच हातानं दोन तुकडे करून आणला असता तर चोवीसवर भागलं असतं. तुम्ही म्हणायचा, मग मशीन कशाला, हातच वापरा. मी म्हणायचो, पट्टी लांब नेली म्हणून तर ती हलली. तुम्ही म्हणायचा, शिकंजा काय शोभेला असतो? याला आता पंधरा वर्षं व्हायला आली असतील.

मेहकरच्या दवाखान्यातलं तर तुम्हाला आठवत असेलच. डॉक्टरांनी दादाला बाहेर नेऊन हृदयाचं सांगितलं होतं. मला कळलं होतं, तुम्हाला कळलं होतं, आणि आपण दोघं एकमेकांना कळू देत नव्हतो. तेव्हा मी म्हणालो, "तरी सांगतो वहिनी, अर्ध्यापेक्षा जास्त लागतच नाही."

तुमचे डोळे चमकले. उशीवरून मान उचलून म्हणालात, "अर्ध्यानं माह्यं भागत नाही. मले पुरे तीस पाह्यजे."

"अठरा घ्या आणि गप बसा."

"अठरा तुमी घ्या. तीस माह्ये."

पलीकडच्या खाटेपाशी उभी असलेली नर्स तरातरा आली. "लाज वाटत नाही का तुम्हाले?" ती माझ्यावर ओरडली. "बाई कोणत्या हालात हाय, अन् तुम्ही शेताच्या वाटण्या करून राह्यले! बाहेर व्हा."

आपण एकमेकांकडे बघितलं. मग तुम्ही असं हसलात, की ती बिचारी घाबरून डॉक्टरांना बोलवायला गेली. मी खाटेचा दांडा धरून हसत होतो. दादा दारात आला तर त्याला काही सांगताही येईना. हसणं ओसरल्यावर तुम्ही म्हणालात, "जा आता. शाळा बुडन." मी गेलो. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमचा तो शेवटचा आवाज माझ्याजवळ हसण्याचा आहे. असा वाटा फार थोड्यांना मिळतो. त्यासाठी मी त्या नर्सचा ऋणी आहे, आणि तुमचा, आणि थोडा त्या अठरा इंचांचाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मुलींच्या शाळेतला शिपाई आला. एका बोर्डाचा पृष्ठभाग मधोमध उचलला गेला होता, नवीन पाहिजे होता. दारात आल्यावर त्याला आठवलं, आणि तो ओशाळून परत फिरायला लागला. दादा खुर्चीत बसून होता.  आई आतून आली.

"थांब गा," तिनं शिपायाला सांगितलं. मग मला म्हणाली, "चाल. पोरीईचं काम पडून राह्यलं."

"आई, मी कधी लोटलं नाही. मी नुसतं पलीकडून धरायचो."

"मंग आता लोट. पलीकडून मी धरतो. इतके वर्षं पाहूनच राह्यली मी."

सत्तरी ओलांडलेल्या तुमच्या सासूनं पदर खोचला आणि मशीनच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मी तावाचा आधीच कापून ठेवलेला तुकडा उचलला. तो तुम्हीच कापून ठेवलेला होता. आडपट्टी कितीवर लावली, हे मी इथं लिहीत नाही. तुमच्या माघारी भांडणाचा निकाल लावायचा मला हक्क नाही. मशीन सुरू केली. गल्लीतल्या कुणीतरी ओरडून विचारलं, लाईट गेली काय? तुकडा पट्टीला टेकवून पुढं सरकवायला लागलो आणि मला समोरचं दिसेनासं झालं.

आईनं पलीकडून बघितलं. तिचेही गाल ओले होते, पण हात फळीखाली पक्के होते.

"डोळे मंग पूस," ती ओरडली. "पातं फिरून राह्यलं!"

मी फळी पुरी चिरली, वहिनी. मग मशीन बंद केली.